रेषेच्या वरची गल्ली

पूररेषा आखायचं काम आमच्या केंद्रीय खात्याचं, पण नगरपालिकेची सही झाल्याशिवाय नकाशा पक्का होत नसे. जाईन तिथं हुज्जत एकच: आमची घरं रेषेबाहेर ठेवा. या गावचा पालिकेचा इंजिनिअर मात्र उलटं मागत होता.

"मॅडम, वरची गल्ली आत घ्या."

"तिथं पाणी चढणंच शक्य नाही," मी म्हणाले. "आणि आत घेतली तर त्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. लोक तुम्हाला शिव्या घालतील."

"घालू देत. माझंही घर तिथंच आहे. एकदा बघून तर जा."

दुपारी गेलो. ऊन मी म्हणत होतं. चढ चढताना मला धाप लागली. मागं वळून पाहिलं तर नदी खाली दोरीएवढी दिसत होती. गल्लीत धुरळा उडत होता. दारं उघडीच होती. आत पलंग, कपाटं, शिलाई मशीन, सगळं विटांवर चढवलेलं. उंबऱ्यावर, पायरीवर कोणी म्हणजे कोणी बसलेलं नव्हतं.

इंजिनिअरची आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. खोली कोरडी ठणठणीत.

"पाय वर घ्या, बाई," ती मला म्हणाली.

हसू दाबून मी जमिनीची उंची मोजायला तिवईवर यंत्र लावलं आणि दुर्बिणीला डोळा लावला.

समोरची भिंत संथ हलत होती. एक वाळकं पान डावीकडून तरंगत आलं आणि उजवीकडे गेलं. म्हातारीची वेणी खांद्यावरून सुटून हवेत आडवी लहरत होती.

मी डोळा काढला. वेणी तिच्या पाठीवर होती.

"दिसलं ना?" इंजिनिअरनं हळूच विचारलं.

"भिंगात काहीतरी बिघाड आहे," मी म्हणाले आणि यंत्र आवरलं.

रेषा गणितात आली तिथंच, गल्लीच्या बरीच खाली ठेवली. वरिष्ठांना मी दुसरं सांगणार तरी काय होते? इंजिनिअरनं सही केली. "केंद्रापुढे आम्ही काय बोलणार," एवढंच म्हणाला.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. नदीनं काठही ओलांडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"आई गेली, मॅडम."

"कशानं?"

"डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं."

"मी येते," मी म्हणाले. "रेषा पुन्हा तपासू."

"या. महिना झाला. रोज उन्हात घालतोय, पण तिची चादर काही वाळत नाही."