चषकातला हिरवा ठिपका

"बर्र्र!"

तिसऱ्या टेबलावरचा बझर पुन्हा वाजला आणि ढब्बूनं सांगितलं, "दुसरा पर्याय."

"बरोबर!" हेडफोनदादा ओरडला. "पहिला प्रश्न सोडला तर सगळे बरोबर! अरे, हा पोरगा आहे की ज्ञानकोश?"

पहिल्या टेबलावरून पंचबाईनं आणि दुसऱ्या टेबलावरून इंजिननं एकमेकांकडे पाहिलं. ढब्बू? चंद्र मोठा की सूर्य, असं विचारल्यावर ज्यानं "कोणत्या दिवशी?" असं विचारलं होतं, तो ढब्बू?

शाळेला सुट्टी होती, घरी कोणी नव्हतं, म्हणून आत्यानं तिघांना स्टुडिओत आणलं होतं. पंचबाई आणि ढब्बू तिची भाचरं. इंजिन तिचा मुलगा. तो एका जागी कधी थांबत नसे, म्हणून इंजिन. पंचबाई मात्र प्रत्येक खेळात नियम काढून भांडायची, म्हणून पंचबाई. आज सराव-फेरीला उभी राहणारी माणसं आलीच नाहीत, तेव्हा हेडफोनदादानं या तिघांनाच टेबलांमागे उभं केलं होतं. हा दादा सेटवरची धावपळ सांभाळायचा आणि हेडफोन गळ्यात घालून दिवसभर ओरडायचा.

आणि आत्या? आत्या म्हणजे टीव्हीवरच्या 'चटकन सांगा'ची विजेती! एरवी ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देत असे. ती शाळेत होती तेव्हा हा कार्यक्रम लागायचा. मग तो बंद पडला आणि यंदा पुन्हा सुरू झाला. तेच सूत्रसंचालक, फक्त डोक्यावरचे केस गेलेले. तोच भलामोठा चांदीचा चषक, फक्त नव्यानं चकाकी दिलेला. आत्यानं पहिल्याच दिवशी अर्ज भरला. रोज संध्याकाळी इंजिन प्रश्न विचारायचा आणि आत्या बझर म्हणून स्टीलच्या डब्याचं झाकण वाजवायची. शेजारी वैतागायचे. पण आत्या लागोपाठ चार भाग जिंकली आणि आज अंतिम फेरी होती!

पंचबाईला टीव्हीवरचे नवे खेळ मुळीच आवडत नसत. "उत्तर सांगायच्या आधी धूर सोडतात, दिवे फिरवतात, स्पर्धकाला लहानपण आठवून रडायला लावतात. तोवर प्रश्न काय होता तेच आपण विसरतो! जुन्या खेळात कसं? चूक म्हणजे चूक. पुढचा प्रश्न!" आत्याकडच्या 'चटकन सांगा'च्या जुन्या कॅसेट बघून बघून तिला सगळे नियम पाठ झाले होते.

सराव संपला. सगळे जेवायला गेले. इंजिननं ढब्बूला कोपऱ्यात गाठलं.

"खरं सांग. उत्तरं कुठून आली?"

"समोरून," ढब्बू म्हणाला. "तुम्हाला नाही दिसत? चषकात हिरवा ठिपका येतो. तोच पर्याय बरोबर. फक्त डावं-उजवं उलटं घ्यायचं. पहिल्यांदा मला ते कळलं नाही, म्हणून चुकलो."

"हे तू आधी का नाही बोललास?"

"मला वाटलं खेळ असाच असतो!"

पंचबाई धावत तिसऱ्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. समोर सूत्रसंचालकांचं मेज होतं, त्याच्यामागे उंच स्टँडवर चषक. पूर्वी सूत्रसंचालक कागदावरून प्रश्न वाचत. आता मेजात स्क्रीन बसवला होता आणि बरोबर पर्याय त्यावर हिरवा दिसायचा. त्याचं प्रतिबिंब थेट चषकाच्या लखलखीत पोटात पडत होतं! पहिल्या दोन टेबलांवरून मधे सूत्रसंचालकांची खुर्ची येत होती. तिसऱ्यावरून मात्र सगळं उघडं होतं.

"केवढा गाढवपणा!" पंचबाई म्हणाली. "मोठ्या माणसांना एवढं कळू नये? इंजिन, आपण रहस्य शोधलं!"

इंजिन तिसऱ्या टेबलाकडेच बघत होता. त्याचा चेहरा पडला होता. मग पंचबाईलाही आठवलं.

तिसरं टेबल विजेत्याचं असतं. पहिला भाग जिंकल्यापासून आत्या तिथंच उभी राहत होती.

"तिला दिसलंच नसेल," पंचबाई घाईघाईनं म्हणाली.

"ढब्बूला दिसलं," इंजिन म्हणाला.

कार्यक्रमाचे निर्माते स्टुडिओतही काळा चष्मा लावत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव गॉगल ठेवलं होतं. तिघं त्यांच्या खोलीत गेली. गॉगलसाहेबांनी अर्धंच ऐकलं.

"अफवा पसरवू नका! चार भाग दाखवून झालेत. लोकांना विजेत्या बाई आवडतात. तो ठिपका-बिपका उद्या बघू."

"उद्या? उद्या तर सगळं संपलेलं असेल!" पंचबाई म्हणाली.

"आणि तू त्यांचाच मुलगा ना?" गॉगल इंजिनला म्हणाले. "आई जिंकतेय, मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

इंजिनचे कान लाल झाले. तो तडक बाहेर पडला.

"आपण आत्यालाच विचारू या," जिन्यात पंचबाई म्हणाली.

"नको! ती 'नाही' म्हणाली आणि माझा विश्वास बसला नाही, तर?" इंजिन म्हणाला. "आपणच ते प्रतिबिंब घालवायचं. मग ती कशी खेळते ते दिसेलच."

"अरे, पण मग आपल्याला कळेल..."

"म्हणूनच म्हणतोय!"

शेजारच्या खोलीत मेकअपवाल्या मावशी सूत्रसंचालकांच्या टकलावर पफ फिरवत होत्या. "हलू नका हो सर! तुमचं डोकं चमकलं की कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. चकाकीवर पावडरीसारखा उपाय नाही."

इंजिननं पंचबाईकडे पाहिलं. पंचबाईनं ढब्बूकडे पाहिलं.

सर बाहेर पडताच ढब्बू खुर्चीवर चढून बसला. "मावशी, माझं नाक पण चमकतंय का हो?"

"चमकतंय कसलं, वाहतंय! पूस आधी!" मावशी रुमाल शोधायला वळल्या आणि पावडरचा डबा पफसकट गायब झाला.

सेट रिकामा होता. इंजिन स्टुलावर चढला. इतक्यात दारातून हेडफोनदादा येताना दिसला!

"दादा!" पंचबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. "पहिल्या टेबलाचा बझर अडकतोय. फेरीत अडकला तर?"

"अरे देवा!" म्हणत दादा टेबलाखाली शिरला. इंजिननं चषकावर तोंडाची वाफ सोडली आणि भराभर पावडर थोपटली. पावडर चिकटली. चांदीचं पोट पांढुरकं झालं. इंजिनचे हात, बाह्या, शर्ट, सगळंच पांढरं झालं.

"चालतोय की गं बझर!"

"हो का? मग मीच जोरात दाबत नसेन," पंचबाई म्हणाली आणि पळाली.

फेरी सुरू झाली. पहिल्या टेबलावर एक बसचालक, दुसऱ्यावर एक नर्सबाई आणि तिसऱ्यावर निळ्या साडीत आत्या. तिघं मुलं प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसली होती. आत्यानं हात हलवला. इंजिननं हलवला नाही.

"पहिला प्रश्न!"

'वर बघू नकोस,' इंजिन मनात म्हणत होता. 'आई, वर बघू नकोस!'

आत्यानं वर पाहिलं.

तिची नजर चषकावर गेली आणि तिथंच थांबली. तिनं डोळे बारीक केले. तोवर बसचालकांचा बझर वाजला. दुसरा प्रश्न आला. आत्यानं पुन्हा वर पाहिलं. मग काय झालं असेल ते तिला उमगलं असावं, कारण तिनं हळूहळू पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिला मुलाचे पांढरे हात दिसले, पांढरा शर्ट दिसला. इंजिनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं मान खाली घातली नाही.

आत्यानं हात वर केला.

"सर, खेळ थांबवा. इथून मला उत्तर दिसत होतं."

"कट! कट!" गॉगलसाहेब किंचाळत धावले. "बाई, काहीतरीच काय बोलताय?"

"पहिले दोन भाग मी माझ्या डोक्यानं जिंकले," आत्या म्हणाली. "तिसऱ्यात एका प्रश्नाला अडले. नजर वर गेली आणि कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. चौथ्यात म्हटलं, आज नाही बघायचं, आणि तरी बघितलं. मला लाज वाटते."

सूत्रसंचालक खुर्चीतून उठले. त्यांनी रुमालानं चषक पुसला आणि तिसऱ्या टेबलामागे जाऊन स्वतः पाहिलं. हिरवा ठिपका लख्ख दिसत होता.

"पावडर कुणी लावली?"

"मी," इंजिन उभा राहिला.

"आम्ही!" पंचबाई आणि ढब्बू एकदम म्हणाले. "आम्ही या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, उद्या बघू!"

सगळा स्टुडिओ गॉगलसाहेबांकडे पाहू लागला. त्यांनी झटकन चष्मा काढला आणि ढब्बूच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास रे मुलांनो! तुम्ही आमच्या कार्यक्रमाची अब्रू वाचवलीत!"

"दुपारी तर आम्ही अफवा होतो," ढब्बू म्हणाला. हशा पिकला.

"सर, जुना नियम आहे," पंचबाई पुढे झाली. "घोळ झाला तर सगळ्यांनी जागा बदलायच्या आणि फेरी पहिल्यापासून!"

सूत्रसंचालक चकित झाले. "हा नियम मीच विसरलो होतो! पण या बाईंचे शेवटचे दोन विजय रद्द. त्यांना खेळवायचं की नाही, हे या दोघांनी ठरवावं."

नर्सबाईंनी मान डोलावली. बसचालकांनी थोडा विचार केला. "खेळू देत. पण त्या पहिल्या टेबलावर. आणि तो चषक बाहेर न्या."

खेळ पुन्हा रंगला. आत्या आपल्या बझरकडे पाहत चटाचट उत्तरं देत होती. शेवटच्या प्रश्नाला मात्र ती अडखळली आणि बसचालक जिंकले. आत्यानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

निघताना सूत्रसंचालक इंजिनजवळ आले. "बेटा, चूक शोधणारे पुष्कळ भेटतात. आपल्या माणसाची चूक दिसल्यावर डोळे न मिटणारे थोडे." इंजिननं "थँक यू" म्हटलं. पण ती शाबासकी त्याला गोड लागली नाही.

परतीच्या बसमध्ये आत्या इंजिनशेजारी बसली.

"रागावलायस?" आत्यानं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप. मी रोज इतके प्रश्न शोधून आणायचो. मग तू वर का बघितलंस?"

"घाबरले रे. हरले तर तुम्हाला काय वाटेल, या भीतीनं." आत्यानं डोळे पुसले. "रागाव माझ्यावर. पण आज तू जे केलंस ना, ते मला जमलं नव्हतं."

इंजिन खिडकीबाहेर पाहत राहिला. ढब्बूला डुलकी लागली. दोन थांबे मागे पडले. मग इंजिननं खिडकीबाहेर बघतच घसा खाकरला.

"प्रश्न पहिला," तो म्हणाला. "सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?"

स्टीलचं झाकण तर घरी होतं. आत्यानं समोरच्या सीटची दांडी जोरात वाजवली.