बाराही निशाणं पिशवीतच

"माझ्या बाबांना कुणी मारलं ते नंतर शोधा. आधी बांध कुठे फुटणार आहे ते शोधा!"

दारात उभ्या असलेल्या नर्सच्या गणवेशाला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. वकीलबाईंनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. कोर्ट सोडून खासगी तपासाची कामं घ्यायला लागल्यापासून आठ वर्षांत बाईंकडे घाबरलेले अशील पुष्कळ आले होते. स्वतःच्या बापाचा प्रश्न दुसरा ठेवणारं कुणी आलं नव्हतं.

बाईंचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक, वही उघडून बसले. वहिनींच्या कामात टिपणं काढायची जबाबदारी त्यांची.

"बाबा बांधाचे निरीक्षक आहेत," नर्स म्हणाली. "नदी आणि गावाच्या मधला चार किलोमीटरचा मातीचा बांध. तीस वर्षं रोज चालतायत. सकाळी आठ वाजता नऊ नंबरच्या खांबाखाली सापडले. नदीच्या बाजूला, दगडी उतारावर. डोकं फुटलंय, शुद्ध नाही. सगळे म्हणतात, पाय घसरला."

"तुम्हाला तसं वाटत नाही."

"सातला दहा कमी असताना त्यांचा फोन आला होता. ओरडत होते. बाबा कधी आवाज चढवत नाहीत हो! म्हणाले, 'वाळू उकळतेय. सासूबाईंना घेऊन टेकडीवरच्या शाळेत जा.' कुठे, असं विचारेपर्यंत फोन बंद झाला."

"आणि पूर?"

"पाचला सर्वांत जास्त पाणी येणार आहे."

भावोजींनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता.

नर्सने दवाखान्यातून आणलेली वडिलांच्या सामानाची पिशवी टेबलावर रिकामी केली. वकीलबाईंनी बूट वर्तमानपत्रावर उलटा केला. मूठभर ओली, पिठासारखी बारीक, करडी वाळू बाहेर पडली. मग त्यांनी लाल निशाणांची गुंडाळी सोडली आणि मोजली. बारा.

"रोज बाराच नेतात," नर्स म्हणाली. "जिथे शंका येईल तिथे आधी निशाण रोवायचं, मग बाकीचं. हा नेम कधी चुकला नाही."

"म्हणजे आज त्यांना काही सापडलंच नाही," भावोजी म्हणाले.

वहिनी तोवर उठल्या होत्या. त्या छत्री शोधत होत्या.

बांधावर चढल्यावर भावोजींनी दोन्हीकडे पाहिलं. उजवीकडे नदी तपकिरी, फुगलेली, हाताशी आलेली. डावीकडे गाव, आणि गावातली छपरं नदीच्या पाण्यापेक्षा खाली. बांधाच्या पायथ्याशी कुणी तरी कपडे वाळत घातले होते.

बांधाचा अभियंता आपल्या कार्यालयात दोन फोन कानाला लावून बसला होता.

"वाळू उकळणं म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

त्याने दोन्ही फोन ठेवले. "नदी चढली की पाणी बांधाच्या खालून वाट काढतं. गावाच्या बाजूला जमिनीतून वर फुटतं आणि बांधाखालची वाळू घेऊन येतं. आत पोकळी वाढत जाते. वरून बांध धडधाकट दिसतो, आणि मग एकदम बसतो. पण तसं कुठे नाहीये! नऊ वाजता माझी माणसं सगळा पायथा चालून आली. गवत आणि काळी माती. वाळूचा कण नाही."

टेबलावरच्या नोंदवहीत लिहिलं होतं : सकाळी सात. सर्व ठीक.

"हे अक्षर निरीक्षकांचं?"

अभियंत्याचा चेहरा उतरला. "माझं. वरून सारखी विचारणा होत होती... मी इथे बसूनच लिहिलं."

"म्हणजे खोटं," नर्स म्हणाली.

सातव्या खांबाजवळ रोपवाटिका होती. मालकीण रोपं हातगाडीवर चढवत होती. निरीक्षकाचं नाव काढताच ती भडकली.

"मागच्या वर्षी त्यांनी माझं तळं बुजवायला लावलं! बांधाजवळ खणायचं नाही म्हणे. पण म्हणून मी कुणाच्या डोक्यात दगड घालीन का, बाई?"

कोपऱ्यात वाळूचा ढीग होता. बाईंनी चिमूट उचलून बोटांत चोळली. लाल, जाड, खडबडीत.

"सकाळी काही ऐकलंत?"

"सात वाजून गेले असतील. बांधावरून चाक करकरत गेलं, नऊ नंबरकडे. मला वाटलं, कुणी पोती नेतंय."

सहाव्या खांबाजवळ, बांधाच्या पायथ्याला पंपघर होतं. गावात साचलेलं पावसाचं पाणी तिथल्या खोल हौदात येई आणि पंप ते बांधावरून नदीत टाकी. आत इतका धडधडाट होता की भावोजींना एकच प्रश्न तीनदा ओरडावा लागला.

"नाही!" पंपवाला ओरडून म्हणाला. "आज निरीक्षक इकडे आलेच नाहीत! पहाटेपासून मी जागचा हललो नाही!"

त्याचे डोळे लाल होते. हौदावर फळ्या टाकून त्यांवर पोती रचलेली होती. "कुणी पडू नये म्हणून," तो म्हणाला. दाराशी पोती वाहायची एकचाकी गाडी होती. सगळीकडे चिखल होता, ती मात्र स्वच्छ धुतलेली होती. जाता जाता वकीलबाईंनी तिला पायाने जरा ढकललं. चाक करकरलं.

बाहेर येताच त्या म्हणाल्या, "भावोजी, अभियंत्यांना बोलवा. दहा माणसं, मिळतील तितकी पोती, आणि पोलीस. पळा!"

दोन वाजता सगळे पंपघरात जमले. बाई दारात उभ्या राहिल्या आणि पंपाच्या वरताण आवाजात बोलू लागल्या.

"निरीक्षकांना धोका सापडला होता, तरी निशाण रोवलं नाही. का? कारण तिथे ते रोवताच येत नव्हतं. सिमेंटमध्ये काठी शिरत नाही. म्हणजे जागा उघड्या जमिनीवर नव्हती, म्हणूनच पायथा चालणाऱ्यांना दिसली नाही."

पंपवाला भिंतीला टेकला.

"ते मुलीशी ओरडून बोलले. रागाने नव्हे. आत्ता मी का ओरडतेय? त्याच कारणाने. बुटात बारीक वाळू, पण ते सापडले तिथे नुसते दगड. रोपवाटिकेतली वाळू वेगळी. म्हणजे ते वाळू उकळत असलेल्या पाण्यात उतरले होते आणि तिथून कुणी तरी त्यांना चाकावरून नेलं. आज या चिखलात गाडी धुवायची गरज कुणाला पडली? फळ्या काढा."

माणसांनी पोती बाजूला केली. हौदाच्या तळाशी, पंपाने उपसून उथळ केलेल्या पाण्यात, फुटलेल्या सिमेंटमधून करडी वाळू भदाभदा वर येत होती. अभियंता काठाशी धावला.

"पंप बंद करा!" तो किंचाळला. "हौद भरू द्या! पाण्याचा भार वरून पडला तरच हे दबेल. जितकं उपसाल तितकी वाळू ओढली जाईल!"

"तेही हेच म्हणत होते," पंपवाला म्हणाला. त्याने बटणापुढे हात आडवा धरला. "पंप बंद केला तर खालच्या वस्तीत पाणी शिरेल. माझी आई अर्धांगाने पडून आहे. जमिनीवरच अंथरूण आहे तिचं. मी म्हटलं, तासभर थांबा. ते ऐकेनात. मी ढकललं... शिडीवर डोकं आपटलं. मेले असं वाटलं मला. खरंच सांगतो, मारायचं नव्हतं."

"आणि मग नदीकडे नेऊन टाकलंस," बाई म्हणाल्या. "पोलीस नदीकाठ शोधतील आणि इथे कुणी येणार नाही. बांध बसला तर पाणी अंथरुणापर्यंत राहणार नाही, छपरावरून जाईल. तुझ्या आईच्याही."

तो ऐकत होता, पण हात हलत नव्हता. हवालदार पुढे सरकला. नर्सने त्याला थांबवलं.

"पत्ता सांगा," ती पंपवाल्याला म्हणाली.

"काय?"

"आईचा पत्ता. अॅम्ब्युलन्स पाठवते. लवकर बोला."

त्याने पत्ता सांगितला. ती फोनवर बोलली, दोनदा पत्ता वदवून घेतला, मान हलवली. तेव्हा त्याने वळून बटण दाबलं.

पंप थांबला आणि त्या शांततेत सगळ्यांना हौदातली बुडबुड ऐकू आली. भावोजींना तो आवाज धडधडाटाहून भयंकर वाटला.

हौद भरू लागला. हवालदाराने पंपवाल्याला धरलं नाही, कारण झडपा त्यालाच माहीत होत्या. त्याने आणि अभियंत्याने हौदाच्या काठावर पोत्यांची भिंत चढवली. भावोजींनीही पोती उचलली, हात सोलवटले. बुडबुड मंदावली, पण पाणी गढूळ होतं. चार वाजले. खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरल्याची खबर आली. माणसं आधीच शाळेत पोहोचली होती, म्हातारीही. पाच वाजता पंपघराची भिंत थरथरली. सगळे हौदाकडे बघत राहिले.

सहाच्या सुमाराला पाण्यातून पोत्याची शिवण दिसू लागली. पाणी निवळत होतं, म्हणजे वाळू यायची थांबली होती. वरून कुणी तरी ओरडलं, नदी बोटभर उतरली!

पंपवाला खाली बसला आणि त्याने दोन्ही हात हवालदारापुढे केले.

तेवढ्यात नर्सचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली.

"शुद्धीवर आलेत," ती वकीलबाईंना म्हणाली. "विचारतायत, पंप बंद केला का."

"मग सांगा ना त्यांना."

नर्सने डोळे पुसले आणि पंपवाल्याकडे पाहिलं. तो मान वर करत नव्हता.

"हो म्हणावं," ती फोनमध्ये म्हणाली. मग जरा थांबून, "पंपवाल्यानेच बंद केला."