तिसरी हाक

"ऊंऽऽआऽऽ..."

डॉ. वैजयंती धामापूरकर जागच्या जागी थांबल्या. आवाज ना पशूचा, ना पक्ष्याचा. एकदाच आला, आणि काळदऱ्याचं रान पुन्हा चिडीचूप झालं. परवा असंच झालं होतं, कालही.

त्यांनी ओ दिली नाही. पदव्या खंडीभर मिळवल्या, तरी रानात पाऊल टाकलं की वडिलांची शिकवण वर यायची. एका हाकेला ओ देऊ नये. माणूस तीनदा हाक मारतो, चकवा एकदाच. त्यांच्या गावात शेंबडं पोरसुद्धा हे पाळायचं.

खरं तर काळदऱ्यात एकट्याने जायला बंदी होती. पण सोबत्याला तापाने गाठलं आणि बाई एकट्याच रानात बसवलेल्या सादयंत्रांच्या तपासणीला निघाल्या. अडवायला घरी होतं कोण? परतायला चार दिवस उशीर झाला तरी दारात उभं राहून "का गं उशीर?" असं विचारणारं माणूस उरलं नव्हतं. या एकटेपणाची सवय झाली आहे असं त्या सगळ्यांना सांगत. ते काही खरं नव्हतं.

आवाज आला होता तो जवळच्या सादयंत्रातून. त्यांनी उपग्रह-फोनवरून नियंत्रणकक्षातल्या इंगवल्यांना गाठलं.

"इंगवले, यंत्रं बिघडलीत. भलताच आवाज काढतायत. सगळं जाळं बंद करा."

"करतो ताई. पण सादयंत्र स्वतःच्या मनाने आवाज काढतं का?"

"नाही हो!" बाई वैतागल्या. "एकट्या पडलेल्या जिवाची साद ऐकायची. जवळपास कुणी उत्तर देत नसेल, तर डोंगरापलीकडच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या एकट्या जिवाला ती ऐकवायची. मीच बनवलंय ना ते!"

"आणि जात कशी ओळखतं?"

"कंठाच्या ठेवणीवरून. नावं त्याला कुठे ठाऊक..." बोलता बोलता त्या अडखळल्या.

"म्हणजे ताई," इंगवले सावकाश म्हणाले, "तुम्हाला ऐकवलेली साद तुमच्याच जातीची असणार."

"अहो, पण त्यात शब्द नव्हते."

"शब्द आपणच गाळतो. माणसांचं बोलणं चोरून ऐकलं जाऊ नये म्हणून गाळणी बसवलीय. उरतो नुसता सूर. आजवर हे घडलं नाही, कारण तिथे कुणी एकटं गेलंच नव्हतं. आता एकटी अशी दोघं आहात."

"मग तो एकदाच का हाक मारतो?"

"तो शंभरदा मारत असेल. पुढे जाते एकच."

हा नियमही बाईंचाच होता. तीच साद सारखी ऐकू आली आणि जोडीदार काही दिसला नाही, तर जनावर कानाला खडा लावतं. म्हणून एका यंत्राने दिवसातून एकच साद पुढे धाडायची. कुणीतरी परवापासून जिवाच्या आकांताने ओरडत होतं, आणि त्या तोंड मिटून चालत होत्या.

"साद खिंडीपलीकडच्या यंत्रातून आलीय," इंगवले म्हणाले. "पण तिथे रान दाट आहे. धुक्यात हेलिकॉप्टर उतरणार नाही, आणि बचावपथक उद्याशिवाय पोचत नाही. त्याने ओ दिली, तरच तो सापडेल. जाळं बंद करायचं का?"

"खबरदार!"

त्या जवळच्या यंत्राखाली उभ्या राहिल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या. "कोण आहेऽऽ? ओ द्याऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा.

उत्तर आलं नाही.

मग उलगडा झाला. तीन हाकांतली एकच तर पलीकडे पोचली असणार, तीही शब्दांवाचून! पलीकडचा माणूस याच डोंगरांतला असेल, तर तो आता त्यांच्यासारखाच ओठ घट्ट मिटून बसला असेल. त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. किती शहाणी माणसं आपण!

पण बाकीच्या प्रत्येक यंत्राची एक साद शिल्लक होती. वैजयंतीबाई धापा टाकत खिंडीच्या दिशेने चढल्या. वाटेतल्या दुसऱ्या यंत्राखाली त्यांनी हाक मारली. खिंड ओलांडली, करवंदीच्या जाळ्यांत हात ओरबाडून घेतले आणि तिसरं यंत्र गाठलं. घसा बसला होता. उरलासुरला सगळा जीव त्यांनी त्या हाकेत ओतला.

मग त्या कान देऊन उभ्या राहिल्या.

"तीन झाल्याऽऽ!" खालून घोगरा आवाज आला. "आता देतो ओऽऽ! बाई, हितं खाली वढ्यात हाय मी! पाय मोडलाय!"

शब्द होते! कुठलंही सादयंत्र शब्द ऐकवत नव्हतं. हा थेट माणसाचा गळा होता.

वैजयंतीबाई घसरत, झुडपं धरत उतरू लागल्या.

"लवकर याऽऽ!" खालून पुन्हा आवाज आला. "का वो इतका उशीर?"

"आले," त्या रडत म्हणाल्या, "आले, आले."