चिणलेली खिडकी

जुन्या वस्तीतून पर्यटकांना पायी फिरवून आणणं हा गाईडबाईचा पोटापाण्याचा धंदा होता. तिच्या गळ्यात माइक, हातात लाल छत्री आणि पर्यटकांच्या कानात एकेक यंत्र असायचं, त्यामुळे ती कुजबुजली तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचं. त्या दिवशी दुपार कलताना ती नेहमीसारखीच चौकातून निघाली, पण मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती.

ती पाल सोडली होती धाकट्या दिराने. तोही त्याच कंपनीत गाईड होता, पण त्याच्या वाट्याला नदीपलीकडची रटाळ बाजू आली होती.

"वहिनी, जपून हं," चहाचा कप हातात घेत तो म्हणाला होता, "परवाना खात्याचा माणूस साध्या वेषात येतोय म्हणे. तुम्ही पदरच्या गोष्टी सांगता अशी कुणीतरी तक्रार केलीय."

कुणीतरी! ते कुणीतरी कोण, हे ओळखायला तिला पंचांग बघायची गरज नव्हती. तिच्या रस्त्यावर दिराचा कधीपासून डोळा होता.

तक्रार खोटी असती तर तिने त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण ती खरी होती. चौक आणि बुरूज यांच्यामध्ये एक लांबलचक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीत सांगण्यासारखं काहीही नव्हतं. लोक तिथे हमखास जांभया द्यायचे. एकदा वैतागून तिने वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी विटांनी चिणलेली होती. "इथे एक घड्याळजी राहायचा," तिने ठोकून दिलं, "बायकोने त्याला विष घातलं आणि लोकांची नजर नको म्हणून खिडकी चिणून टाकली." जांभया कुठल्या कुठे पळाल्या. तेव्हापासून लोक त्या गोष्टीसाठीच यायला लागले. खात्याचा नियम मात्र कडक होता. ज्याला पुरावा नाही ते सांगायचं नाही. सापडलात तर परवाना रद्द. आणि नवऱ्याचं काम सुटल्यापासून तिचं घर या एका परवान्यावर चालत होतं.

म्हणून आज ती चालता चालता एकेकाला निरखत होती. घामाघूम झालेला तो जाडा गृहस्थ? छे, त्याला स्वतःचा रुमाल सापडत नव्हता. ते नवं जोडपं? त्यांना एकमेकांपुढे जग दिसत नव्हतं. मग तिची नजर सगळ्यांत मागे गेली. तपकिरी शाल घेतलेली एक बाई होती. कॅमेरा नाही, पिशवी नाही, कानात यंत्रसुद्धा नाही. सगळे इमारती बघत होते आणि ही एकटी गाईडबाईकडे बघत होती.

हीच ती, गाईडबाईने ताडलं.

गल्लीत शिरल्यावर तिने झपाझप पावलं उचलली. न थांबता निघून जायचं तिने ठरवलं होतं, पण नव्या नवरीने हट्ट धरला, "अहो, ती विषाची गोष्ट सांगा ना! आम्ही त्यासाठीच आलोय." सगळे थांबले. इथे ऊन कधी पोचतच नव्हतं. आज त्यात ओल्या चुन्याचा वासही येत होता. आसपास कुठेच बांधकाम चालू नव्हतं.

"म्हणजे... असं बोललं जातं..." तिने सावधपणे सुरुवात केली.

"विष कशात घातलं?"

शालवाली अगदी शेजारी उभी होती. ती पुढे कधी आली ते कळलंच नव्हतं.

"दुधात... म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक..."

"कोण लोक?"

वास शालीतूनच येत होता. गाईडबाईने माइकवर तळहात दाबला. "मॅडम, माझ्या पोटावर पाय आणू नका हो," ती काकुळतीने म्हणाली. "तुम्हाला खरं माहीत असेल तर सांगा. यापुढे मी तेच सांगेन."

"सांगशील?"

"सांगेन... शपथ."

शालवालीने तिच्या मनगटावर हात ठेवला. हात कोरडा होता, खरखरीत.

मग टाळ्या ऐकू आल्या. सगळे बुरुजापाशी उभे होते. गल्ली कधी संपली, ते तिला आठवेना. घसा जळत होता. नवी नवरी रडत होती. शालवाली कुठेच नव्हती.

जाडा गृहस्थ घाम पुसत पुढे आला आणि त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. तोच खात्याचा अधिकारी होता.

"तक्रार विषाच्या गोष्टीची होती," तो म्हणाला, "आणि ती तर तुम्हीच खोडून काढलीत! नवऱ्याने संशयापायी बायकोलाच आत कोंडून खिडकी चिणली... विटा रचताना तो काय बोलत होता तेसुद्धा! काटा आला अंगावर. पण एक सांगा, जुन्या वास्तूंची पाहणीही आमच्याच खात्याकडे आहे, आणि मागच्या महिन्यात आमच्या माणसांनी त्या खिडकीमागची भिंत आतून फोडली. आत काय मिळालं ते आम्ही अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"ती... शालवाली बाई..."

"शाल? गोष्ट सांगताना तुम्ही पांघरली होती ती ना? छान कल्पना."

तिने खांद्यांवरून हात फिरवला. शाल नव्हती. बोटांना ओला चुना लागला.

"परवान्याची काळजी सोडा," अधिकारी म्हणाला. "फक्त गोष्ट रोज अशीच सांगायची."

एरवी ती आनंदाने नाचली असती. आता ती नुसती बोटांचा चुना पुसत राहिली. सगळे पांगल्यावर ती पायरीवर बसली आणि तिने दिराला फोन लावला. परवाना राहिला तर राहिला, पण त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं.

"भावोजी," ती रडत म्हणाली, "माझा रस्ता उद्यापासून तुम्ही घ्या. खरंच घ्या. मी पाया पडते तुमच्या..."



"वहिनी, थट्टा करताय का?" दिराचा आवाज बिचकलेला होता. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच तर फोन केलात... म्हणालात, 'हा रस्ता आता माझा. थोड्या वेळाने मी रडत फोन करेन, घ्या म्हणून विनवेन... तरी घेऊ नका.'"