रोज एक जानेवारी

"चपला राहू दे गं, पळ!" चैताली ओरडली, आणि प्रतीक्षा एक चप्पल पायात, एक हातात अशी बांधावरून सुटली.

पुढं चैताली, तिच्या मागं प्रतीक्षा, आणि सगळ्यात मागं त्यांचा मावसभाऊ प्रज्ञेश. हे पोरगं लोणावळ्याचं, इंग्रजी शाळेतलं, सुट्टीला मळवलीत आलेलं. बांधावरून कसं पळायचं ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. दोनदा खाचरात घसरला, दोनदा वर आला, आणि दोन्ही वेळेला म्हणाला की मी मुद्दामच उतरलो होतो.

हसायला मात्र कोणाला वेळ नव्हता. भानगडच तशी होती.

चैताली ही प्रतीक्षाची थोरली बहीण. तिला पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा लागली होती. यादी लागून आठवडा झाला, पण घरात एकमत होईना. पोरगी हॉस्टेलात राहणार, रात्रपाळ्या करणार, म्हणून वडील अडून बसलेले. आई, शालन, लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. दिवसभर चिक्की बांधायची आणि रात्री घरी येऊन नवऱ्याची समजूत घालायची. अखेर काल जेवताना वडिलांनी मान हलवली. आता फक्त वेबसाईटवर जाऊन 'जागा मला मंजूर' असं एक बटण दाबायचं राहिलं होतं. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. नाही दाबलं तर जागा खालच्या नंबरच्या मुलीला.

आणि नेमकं काल रात्रीच वादळ सुटलं. गावाची लाईट गेली, मोबाईलचा टॉवर मुका झाला. वडील रात्रपाळीला गेले ते कंपनीतच अडकले. सकाळी आई कामावर पोचली, आणि तिच्या मागोमाग रुळावर झाड पडून लोकल बंद. जुन्या हायवेवर तर झाडंच झाडं आडवी. चैताली सकाळपासून फोन वर धरून अख्ख्या गावात फिरली. गच्चीवर चढली, पाण्याच्या टाकीवर चढली. रेंजची एक काडी आली नाही. दुपार कलली तेव्हा प्रतीक्षाच्या वर्गातला स्वराज सांगत आला, की माझ्या काकाच्या बंगल्यावर केबलचं इंटरनेट चालू आहे, वायफाय नाही, नुसतं कॉम्प्युटरला. म्हणून ही पळापळ.

स्वराजचा काका म्हणजे बाजीराव. मुंबईच्या एका शेठचा बंगला सांभाळायचा. माणूस भला, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. मागं कधीतरी वीज पडून शेठचा टीव्ही जळाला होता. तेव्हापासून भाड्यानं उतरलेले पाव्हणे गेले रे गेले की बाजीराव बंगल्याचा मेन स्विच पाडून ठेवायचा. मळवलीत बंगले सांभाळणारे बरेच जण असंच करतात. पाव्हणे यायच्या दिवशी मेन वर, गेले की खाली. त्यामुळं बंगल्यातला इन्व्हर्टरही बिचारा कायम अर्धपोटी.

"चार्जिंग लय न्हाई त्यात," बाजीरावनं कॉम्प्युटर चालू करताकरता बजावलं. "काय ते चटचट उरका."

पडदा उजळला तसा स्वराज म्हणाला, "हॅपी न्यू इयर."

"आता काय मधीच?" प्रतीक्षानं विचारलं.

"ह्या कॉम्प्युटरात रोज एक जानेवारीच असती. काकानी मेन वर केला की एक जानेवारी. आन माझा वाढदिवस बी एक जानेवारीला. हितं आलो की माझा रोज वाढदिवस."

चैतालीनं त्याच्याकडं असं बघितलं की स्वराज दोन पावलं मागं सरकला. तिनं वेबसाईटचा पत्ता टाकला. गोल चाक फिरलं, फिरलं, आणि अख्खं पान उघडायच्या ऐवजी लाल खूण घेऊन एक इशारा समोर आला.

प्रज्ञेशनं इंग्रजी वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. कनेक्शन सुरक्षित नाही, या वेबसाईटचं सर्टिफिकेट ग्राह्य नाही, मध्येच कोणीतरी तुमची माहिती चोरत असेल, असं त्यात लिहिलंय, हे त्यानं सांगितलं.

बाजीराव खदखदून हसला. "आरं ते रोजच वरडतंय. मी बुकिंगचं पान उघडतो तवा बी तेच. खाली बारीक अक्षरं असत्यात. ती दाबायची, की आनिक एक वळ येती, ती बी दाबायची, की गाडी पुढं. तीन वर्सं झाली, मी काय वाचत बी न्हाई आता."

पण या पानावर ती पुढं जायची ओळच नव्हती. बाजीरावनं वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा पुसून बघितलं. नुसती भिंत. चैतालीनं पान पुन्हा उघडलं, पुन्हा भिंत. अशी किती वेळा तिनं धडक मारली कोण जाणे. 

मग बाजीरावला आठवलं. काल टॉवर जायच्या आधी त्यानंच गावच्या ग्रुपवर एक मेसेज पुढं धाडला होता. नर्सिंगची जागा इथं पक्की करा, सोपी लिंक. त्याला तो कुठून आला होता ते त्याला ठाऊक नव्हतं. चांगलं दिसलं, दिला धाडून. चैतालीच्या फोनात तो होता. तिनं तो पत्ता अक्षर अक्षर बघून टाकला. पुन्हा लाल खूण. पण या खेपेला खाली बारीक ओळ होती. बाजीरावनं सवयीनं टकटक केलं आणि पान उघडलं.

हुबेहूब तेच पान. तोच रंग, तोच शिक्का. चैतालीच्या तोंडातून हुंदका बाहेर पडला, सुटकेचा. तिनं आपला नंबर भरला. पानानं पासवर्ड मागितला. आणि त्याच्याच खाली आईच्या बँकेच्या कार्डाचा नंबर.

प्रतीक्षाला हे खटकलं. नुसतं बटण दाबायचं होतं ना? आणि खरं पान जाऊ देत नाही, हे मात्र लगेच आत घेतंय. तिनं विचारलं, कार्ड कशाला लागतंय?

"तू मधी बोलू नको, परतू," चैताली म्हणाली आणि आईनं लागलंच तर म्हणून दिलेलं कार्ड पिशवीतून काढलं.

प्रतीक्षानं दोन्ही हात कीबोर्डवर पसरून ठेवले. चैतालीनं ते ओढले. प्रतीक्षा हटेना. बाजीराव दोघींना समजवायला मध्ये आला, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरनं शिट्टी मारली. पडदा काळा झाला.

 मग चैताली भिंतीला टेकून खाली बसली. रडलीही नाही. हळूच म्हणाली, "बाबा म्हणतील, बरंच झालं."

प्रतीक्षाला वाटलं आपण इथंच विरघळून जावं. आईनं इतक्या रात्री जागून जे मिळवलं होतं, ते आपण दोन हातांनी घालवलं.

स्वराज मात्र उठला. इन्व्हर्टरवर अजून काय काय खातंय ते त्याला माहीत होतं. बाहेरचे दिवे, माशांच्या टाकीचा पंप आणि शेठचा फ्रीज. फ्रीजचं नाव काढताच बाजीराव आडवा झाला. त्यात शेठच्या पाव्हण्यांसाठी कालच आणलेली पापलेटं होती, फ्रीजला हात लावायचा नाही. तेव्हा प्रज्ञेश खिडकीकडं बघत अगदी गरीब तोंड करून म्हणाला, "काका, फाटकातून कोणाची तरी गाय आत येतेय का हो?"

बाजीराव काठी घेऊन बाहेर धावला. स्वराजनं फ्रीजची पिन उपटली, पंप बंद केला, दिवे बंद केले. चार श्वास थांबून इन्व्हर्टरचं बटण दाबलं. कुईं करून तो जागा झाला.

बाजीराव परत आला. "कुटंय गाय?"

"गेली वाटतं," प्रज्ञेश म्हणाला.

पडदा उजळला. उजव्या कोपऱ्यात तारीख. एक जानेवारी, आणि साल दोन हजार बारा. आत्ता तर मे महिना! प्रतीक्षा त्या आकड्यांकडं बघतच राहिली. तिला एकदम आईचा पास आठवला.

मागच्या महिन्यात आईनं लोकलचा नवा पास काढला, तो दुसऱ्या दिवसापासून चालू होणारा. आणि गडबडीत ती त्याच दिवशी तो घेऊन गाडीत बसली. टीसीनं लोणावळ्याला धरलं. तो म्हणाला, मावशी, पास खरा आहे, पण अजून सुरूच झालेला नाही.

"प्रज्ञ्या," प्रतीक्षानं विचारलं, "ते सर्टिफिकेट म्हंजी पाससारखंच का? कधीपास्नं कधीपर्यंत चालतं, असं असतं त्याला?"

असतं, प्रज्ञेश म्हणाला. तारीख असते, आणि कोणाचं आहे ते नाव पण असतं.

"मग टीसीच्या घड्याळात जुनं साल असलं तर सगळ्यांचे पास त्याला खोटेच दिसणार. हा कॉम्प्युटर दोन हजार बारात बसलाय. आजचा पास त्याला कसा चालंल?"

चैतालीनं मान वर केली. प्रतीक्षानं फोनात बघून आजची तारीख घातली, महिना घातला, आणि पान उघडलं.

लाल खूण.

"झालं समाधान?" चैताली म्हणाली. तिच्या आवाजात आता राग पण उरला नव्हता. पाचाला फार थोडा वेळ राहिला होता आणि इन्व्हर्टर पुन्हा बारीक कण्हायला लागला होता. प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं धूसर झाली. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि परत कोपऱ्यात बघितलं. दिवस बरोबर. महिना बरोबर.

साल तेच. दोन हजार बारा. घाईत साल बदलायचं राहूनच गेलं होतं.

तिनं साल बदललं. आधी बाजीरावच्या बुकिंगचं पान उघडून बघितलं. लाल नाही, काही नाही, सरळ आत. बाजीरावनं टोपी काढून डोकं खाजवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते पान गप उघडलं होतं.

"मगाचंच पान काढ," चैताली घाईनं म्हणाली. "तितं निम्मं भरून झालं होतं." तिनं लिंकचा पत्ता टाकला.

लाल खूण. बाजीरावचं बोट आपोआप खालच्या बारीक ओळीकडं गेलं. प्रतीक्षानं त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, थांबा. आता घड्याळ बरोबर आहे. तरी ते वरडतंय."

प्रज्ञेशनं वाचलं, आणि दोनदा वाचलं. हे सर्टिफिकेट कॉलेजचं नव्हतंच. कुठल्यातरी भलत्याच बुटांच्या दुकानाच्या नावाचं होतं.

"पास चालू आहे," प्रतीक्षा हळू म्हणाली, "पण नाव दुसऱ्याचं."

बाजीरावनं बोट असं मागं घेतलं जसं तव्याला लागलं. चैतालीनं मुठीतलं आईचं कार्ड बघितलं आणि गपचूप पिशवीत टाकलं. मग तिनं खरा पत्ता टाकला, यादीबरोबर आलेला. कुलपाची खूण आली. पान उघडलं. नंबर, पासवर्ड. कार्ड कोणी मागितलं नाही. 'जागा मला मंजूर.' तिनं बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, इन्व्हर्टरची शिट्टी वाढतेय.

आणि पडदा काळा झाला. या खेपेला इन्व्हर्टर पार मेला.

गेलं की राहिलं, कोणाला कळायला मार्ग नव्हता. पोरं बंगल्याच्या पायरीवर बसून राहिली. पाच वाजून गेले, ऊन उतरलं. प्रतीक्षा बहिणीच्या शेजारी बसली होती पण अंग चोरून. चैतालीनं तिला ओढून कुशीत घेतलं, एवढंच. 

तिन्हीसांजेला गावात विचारत विचारत फाटकाशी आई आली. गाडी नाही म्हणून लोणावळ्याहून चालत, पायांवर धुळीचे मोजे चढलेले. बाजीरावनं उठून म्हटलं, "जयभीम, शालनताई."  तेवढ्यात चैतालीच्या हातातला फोन थरथरला. टॉवर जिवंत झाला होता. मेसेजमागून मेसेज आले, आणि त्यांत एक होता.

चैतालीनं तो वाचला. मग आईच्या हातात फोन दिला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यांदा रडली. जागा पक्की झाली होती.

सगळी हकीकत ऐकून आईनं प्रतीक्षाच्या गालावरून धुळीचा हात फिरवला. बाजीराव मात्र खाली मान घालून म्हणाला, "तीन वर्सं ते उगाच वरडत होतं म्हणून मी बहिरा झालो. आन खरं वरडलं तवा बी मला ऐकू आलं न्हाई. ह्या पोरीला आलं." मग त्यानं फोन काढला आणि गावच्या ग्रुपवर लिहिलं, की काल मी धाडलेली लिंक खोटी आहे, कोणी उघडू नका. लिहायला त्याला फार वेळ लागला, पण कोणाच्या मदतीनं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं कॉम्प्युटरात तारीख धरून ठेवणारा छोटा सेल बदलून आणला. आता मेन पाडला तरी तारीख हलत नाही. वाढदिवस बंद पडले म्हणून स्वराज चार दिवस फुगून बसला होता.

कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी चैतालीला सोडायला सगळे पुण्याला निघाले. वडीलही. तिची बॅग त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. गाडीत टीसी आला, त्यानं वडिलांचा पुण्यापर्यंतचा पास हातात घेतला, नाव बघितलं, तारीख बघितली. प्रतीक्षानं वाकून आधी त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून घेतलं.

"काय गं, काय बघतेस?" टीसीनं विचारलं.

"काही नाही," प्रतीक्षा म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."