बांधावरचा शिलालेख

पहिल्यांदा भेटला तेव्हा तो माझ्यावर हसतच होता.

निलंग्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर जुन्या कन्नडमधला शिलालेख पडला होता. मी नांदेडला कला-इतिहास आणि पुरातत्त्वाचं एम.ए. करत होते. रोज सकाळी तीन तास जुन्या कन्नडचा वर्ग, आणि प्रबंधाला हा दगड. तो धुऊन त्यावर ओला कागद थापत होते, तोच मागून आवाज आला.

“ओ मॅडम, आमच्या दगडाला आंघोळ घालायलात का?”

“ठसा घेतेय. शेत तुमचं?”

“हाव. मी आदिनाथ. अन् तुम्ही?”

“लुंबिनी. भोकरची.”

त्याची आई बीदरकडची, त्यामुळे कन्नड त्याच्या घरातच. मी एक वाक्य बोलून दाखवलं, तर पोट धरून हसला.

“असं आता कुणी बोलत न्हाई! आठशे वर्षं झाली.”

“मग आजचं शिकवा.”

“रोज फोन करावा लागंल...”

“अभ्यासासाठीच ना?”

“आधी अभ्यासासाठी.”

दर रविवारी तो नांदेडला येऊ लागला. गोदावरीच्या घाटावर फक्त कन्नड बोलायचं, असा त्याचा नियम. मी अडले की तो माझ्या ओठांकडे बघत थांबायचा... आणि येत असलेला शब्दही मला आठवायचा नाही. फेब्रुवारीपर्यंत मी त्याच्या आईसारखं कन्नड बोलू लागले.

“घरी चल,” तो म्हणाला. “आईला सगळं सांगतो. मी हाय ना.”

त्याच्या आईनं, सरजाबाईंनी, हसून पोह्यांची बशी पुढे केली. “नाव काय पोरी?”

“लुंबिनी गजभारे.”

बशी हवेतच थांबली. मग माझ्याकडे तसंच हसत बघत त्यांनी मुलाला कन्नडमधून विचारलं — ही कोण? घरात कशाला आणलीस?

मला कळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

“यारू अल्ला, अव्वा,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. कोणी नाही, आई. दगड वाचायला आलीय.

मी उठले. “बर्तीनि, अव्वा.” येते, आई. सरजाबाईंचं हसू विरलं.

तो रस्त्यापर्यंत धावत आला. “लुंबिनी, थांब ना... एकदम कसं सांगणार होतो? वेळ दे मला.”

“एवढंच विचारलं होतं त्यांनी, ही कोण.”

“रविवारी येतो... बोलू आपण.”

“नको येऊस.”

निलंग्याची जीप आली. मी आत सरकून बसले. तो तिथंच उभा होता. अजूनही वाटत होतं — आता वळेल, घरात जाईल, सांगेल.

जीप सुटली तसा तो वळला... आणि शेताकडे चालू लागला.