चातुर्मासातला लसणाचा वास

"तिरडी उचलू देऊ नका. मी संशय लेखी देतो," डॉ. सुनील पगार फोनवर म्हणाले.

उपनिरीक्षक रूपाली गांगुर्डे पंचवटीत पोचली तेव्हा गायधनींच्या दारात माणसं जमली होती. गंगाधर गायधनी, वय चौसष्ट, पौरोहित्य करायचे. दोन महिन्यांत केस गेले, नखं गळाली, आज सकाळी हृदय थांबलं.

"संशय कशाचा?" रूपालीने दारातच थांबलेल्या डॉक्टरांना विचारलं.

"परवा तपासलं तेव्हा श्वासाला लसणाचा भपकारा होता. आणि हे चातुर्मास पाळणारं घर. आर्सेनिकच्या विषाने तसा वास येतो."

रूपालीने स्वयंपाकघर पालथं घातलं. लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. देवघराशेजारी एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता.

"आमचा मुलगा. करोनात गेला," लतिकाबाई म्हणाल्या. "तोंडही पाहू दिलं नाही."

"यांचं खाणंपिणं कोण बघायचं?"

"जेवण, दूध, सगळं मीच. बाहेरचं पाणीही घेत नसत."

चार दिवसांनी शवविच्छेदनाचा अहवाल आला. आर्सेनिक नाही. रक्तात सेलेनियम, बेसुमार.

गंगाधररावांचा पुतण्या श्रेयस याचा आडगावजवळ कोंबडीखाद्याचा कारखाना होता. खाद्यात किंचित मिसळायची सेलेनियमची पांढरी पावडर तिथे असे.

"काकांशी भांडण?"

"तीन वर्षं बोलत नव्हते. कोंबड्यांचा धंदा त्यांना पटला नाही."

"त्यांनी तुझ्याकडचं काही खाल्लं?"

"घोटभर पाणीसुद्धा नाही."

"पावडरीच्या खोलीत कोण जातं?"

"मी आणि हिरामण, माझा कामगार. दर गुरुवारी काकू गुपचूप डबा आणते, ती तिथेच बसते. पण तिला त्यातलं काय कळणार?"

संध्याकाळी रूपाली डॉक्टरांना आणि श्रेयसला घेऊन गायधनींकडे गेली.

"श्रेयसची पावडर गंगाधररावांच्या पोटात गेली," ती म्हणाली. "पण श्रेयसचा हात त्यांच्या ताटापर्यंत पोचत नव्हता. या घरात आणि त्या खोलीत, दोन्हीकडे जाणारं माणूस एकच. लतिकाबाई, दुधातून देत होता ना?"

लतिकाबाईंनी मुलाच्या फोटोकडे पाहत होकार दिला.

"पेपरात आलं होतं, सेलेनियमने प्रतिकारशक्ती वाढते. श्रेयसकडच्या पावडरीच्या डब्यावर तेच नाव दिसलं. पोरगा गेला. यांना तरी काही होऊ नये म्हणून रोज नखभर..."

"पेपरात खोटं नव्हतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "शरीर सेलेनियम वापरून काही प्रथिनं घडवतं. ती पेशींना जपतात, रोगाशी लढायला बळ देतात. पण त्याला लागतं ते डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. नखभर म्हणजे त्याच्या शेकडो पट. जास्त झालं की शरीर ते श्वासातून बाहेर टाकतं, त्याला लसणासारखा वास येतो."

"मग किती द्यायला हवं होतं?"

"काहीच नाही. जेवणातून मिळतं तेवढं पुरतं."

लतिकाबाई भिंतीला टेकल्या.

"केस गळायला लागले तेव्हा मला वाटलं, कमी पडतंय. म्हणून दिवसातून दोनदा देत गेले."

श्रेयस उठून बाहेर गेला.

गुन्हा निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा होता. यात जामीन लगेच मिळतो, असं रूपालीने त्यांना समजावून सांगितलं.

"नको," लतिकाबाई म्हणाल्या.